चढायला हवा होता तो आकडा: युटाच्या महामार्गावर कॅम्परच्या एका टायरचे प्रकरण

२०२३ च्या ऑक्टोबरात मी, माझी पत्नी आणि तिचे वडील असे तिघे डेन्व्हरहून युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाकडे निघालो होतो. पिकअपच्या मागे दोन अक्षांचा, चार चाकांचा कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचे फिरते घर, जोडलेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रीन रिव्हर ते सलायना या टप्प्यात कॅम्परच्या डाव्या बाजूच्या मागच्या टायरमधली हवा उतरू लागली. कोणालाही इजा झाली नाही, टायर फुटला नाही, वेळही फार गेला नाही. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण त्या सकाळी आमच्याजवळ सगळी साधने असूनही आम्ही एक निर्णय चुकीचा घेतला आणि तो का चुकला हे आम्हाला चाक खोलल्यावरच कळले.

आधी गाडी आणि रस्ता यांविषयी थोडे. कॅम्परचे टायर २०५/७५ आर १५ मापाचे, खास ओढगाड्यांसाठी बनवलेले होते. अशा टायरच्या मापाआधी 'एसटी' ही अक्षरे असतात, आणि आयुष्यातली तीस वर्षे राज्य परिवहनाच्या आगारात टायरांच्या कामावर घालवलेल्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ती वाचून फार आनंद झाला होता. थंड असताना या टायरांत ६५ पौंड हवा भरायची असते (हवेचा दाब आपल्याकडे पौंडात सांगतात, तीच रीत मी पुढे ठेवली आहे) आणि तेवढ्या हवेवर एक टायर ९७५ किलो भार पेलतो. ५० पौंडांवर हीच क्षमता ८२५ किलो होते. निघण्यापूर्वी ट्रकांच्या काट्यावर आम्ही वजन केले होते. चार टायरांवर मिळून सुमारे २,७६० किलो, म्हणजे प्रत्येकावर साधारण ६९० किलो भार होता. ६५ पौंडांवर हातात भरपूर शिल्लक होती, पन्नाशीला ती निम्म्याहून कमी उरत होती आणि त्याखाली आणखी दहा-बारा पौंड गेले की जवळजवळ संपत होती.

ग्रीन रिव्हर सोडले की आय-७० महामार्गावर सलायनापर्यंत सुमारे ११० मैल पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, गॅरेज नाही. १९७० मध्ये खुला झालेला हा भाग सॅन राफेल स्वेल नावाच्या उघड्या खडकाळ प्रदेशातून जातो. आधी सपाट माळ लागतो, मग सॅन राफेल रीफची उभी भिंत फोडून स्पॉटेड वुल्फ कॅन्यनमधून चढ सुरू होतो. दोन्ही दिशांच्या मार्गिका वेगळ्या असल्यामुळे वाटेत मनात येईल तिथे वळता येत नाही. पुढचा फाटा येईपर्यंत पुढेच जावे लागते. या शेवटच्या गोष्टीला पुढे महत्त्व आले.

आकडे काय सांगत होते

अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारींना हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा कायद्याने सक्तीची आहे, पण मागे ओढायच्या कॅम्परला तो नियम लागू नाही. म्हणून आम्ही जूनमध्ये बाजारातून एक संच आणून बसवला होता. प्रत्येक टायरच्या वॉल्ववर टोपणासारखा एक सेन्सर घट्ट फिरवून बसवायचा आणि पिकअपमधल्या छोट्या पडद्यावर चारही आकडे पाहायचे, अशी त्याची रचना होती. दाब २० टक्क्यांनी, म्हणजे ५२ पौंडांपर्यंत उतरला की त्याने भोंगा वाजवावा असे मी ठरवून दिले होते. आमच्या संचातल्या सेन्सरमधून तो न काढताच हवा भरता येत असे. ही सोय चांगली होती, पण त्यामुळे सेन्सर लांब आणि जड झाले होते.

आदल्या दिवशी कोलोरॅडोतल्या फ्रुटा येथे सकाळच्या थंडीत चारही टायर ६५ वर आणले होते. हवा भरण्यापूर्वी त्यांपैकी डावा मागचा ६१ वर उतरलेला होता, पण थंडी पडली की सगळ्याच टायरांचा दाब उतरतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. हे कारण खरे असले तरी ते इथे लागू नव्हते. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरले की दाब साधारण दोन टक्क्यांनी कमी होतो, मात्र तो चारही टायरांत सारखाच कमी होतो. एकच टायर मागे पडला तर दोष हवामानाचा नाही. ग्रीन रिव्हरला तिसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर ६२ वर होता आणि बाकीचे ६५, ६५ व ६४ वर होते. मी पुन्हा हवा भरली, पत्नीला "झालं, निघू या" म्हटले आणि सव्वासातच्या सुमारास आम्ही निघालो. त्याच टायरला तीन दिवसांत दुसऱ्यांदा हवा भरावी लागते आहे, ही गोष्ट मी पाहिली होती, पण तिचा विचार केला नाही.

पत्नीला आकडे वहीत उतरवायची सवय आहे आणि त्या सवयीमुळेच हे प्रकरण लवकर ध्यानात आले. दहा मैलांवर, हँक्सव्हिलकडे जाणारा फाटा जवळ येत असताना, तिने वाचून दाखवले की तीन टायर ६९ च्या आसपास आहेत आणि डावा मागचा ६६ वर आहे. मी म्हटले, ठीक आहे, ६५ च्या वरच आहे. रीफच्या पायथ्याशी बाकीचे ७२ झाले आणि तो ६४ वर आला. तेव्हा तिने वही मिटून विचारले, "बाकीचे चढताहेत आणि हा उतरतोय, मग हा ६५ च्या जवळ आहे याचं समाधान कसलं मानायचं?"

प्रश्न अगदी नेमका होता. टायर धावू लागला की तापतो, आत कोंडलेली हवाही तापते आणि आमच्या कॅम्परवर अर्ध्या तासात दाब सात-आठ पौंडांनी वाढतो. त्यामुळे तापलेल्या टायरने थंड टायरचा आकडा दाखवला, तर तो टायर ठीक नसून सात-आठ पौंडांनी खाली आहे. माझा भोंगा मात्र ५२ या एकाच आकड्याकडे पाहत बसला होता. तापलेला टायर ५२ वर येईपर्यंत त्यात थंड हिशेबाने जेमतेम ४५-४६ पौंड उरले असते आणि तोवर भोंग्याने चकार शब्द काढला नसता.

पिकअपच्या सुकाणूवरून काहीच जाणवत नव्हते आणि आरशातही कॅम्पर झुकलेला दिसत नव्हता. दोन अक्षांच्या गाडीत हे असेच असते. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा इक्वलायझर नावाच्या तिरक्या दुव्याने एकमेकींना जोडलेल्या असतात आणि तो दुवा दोन्ही चाकांवर भार सारखा ठेवतो. एक टायर नरम पडला म्हणून त्याचा वाटा शेजाऱ्याकडे जात नाही. नरम टायर आपले ६९० किलो तसेच वाहत राहतो, फक्त जास्त दबत, जास्त लवत आणि जास्त तापत. तो फुटला की मात्र त्या बाजूचा जवळजवळ सगळा भार एकट्या शेजाऱ्यावर येतो. आमच्या बाबतीत ९७५ किलोच्या टायरवर १,३०० किलोंहून अधिक भार पडला असता. एक फुटल्यावर काही मैलांत दुसरा का फुटतो, याचे उत्तर यातच आहे.

पहिला थांबा आणि चुकलेला निर्णय

सुमारे वीस मैलांवर दृश्य पाहण्यासाठी केलेल्या एका रुंद जागेत आम्ही गाडी घेतली. बाकीचे टायर ७३ वर होते आणि हा ६० वर. अण्णा उतरले, पान्याने चारही टायर वाजवून पाहिले आणि म्हणाले, "जावईबापू, सगळे एकसारखे वाजताहेत." बसच्या जोडचाकांत आतला टायर पूर्ण बसला आहे का हे पाहायला ही रीत उत्तम आहे, पण साठ आणि त्र्याहत्तर यांतला फरक पान्याच्या आवाजात येत नाही. हाताने मात्र तो कळला. त्या टायरची बाजूची भिंत शेजाऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागत होती.

गळती शोधण्यासाठी मी फवाऱ्याच्या बाटलीत भांड्यांचा साबण कालवला आणि नक्षी, दोन्ही कडा व रिमची धार, सगळे भिजवले. जिथवर पाहता येत होते तिथवर खिळा नव्हता, स्क्रू नव्हता, चीर नव्हती. अण्णांनी सेन्सर काढून वॉल्वच्या तोंडावर सायकलच्या दुकानात लावतात तशी बोटाने थुंकी लावली. बुडबुडा आला नाही, म्हणजे आतली पिन नीट बसत होती. सेन्सर परत लावला. पिकअपच्या सॉकेटवर चालणाऱ्या पंपाने मी टायर शेजाऱ्याच्या बरोबरीला, म्हणजे ७३ वर आणला. तापलेल्या टायरमध्ये ६५ पर्यंतच हवा भरणे ही नेहमीची चूक आहे. त्याच बाजूचा, तितकेच मैल धावलेला शेजारी टायर हेच अशा वेळी खरे माप असते. त्यानंतर आम्ही वीस मिनिटे चहा घेत थांबलो आणि आकडा एका पौंडानेही हलला नाही.

इथे आम्ही चुकलो. उभ्या गाडीत हवा टिकते आहे, साबणात काही दिसत नाही, मोबाईलला रेंज येते-जाते आहे, मागे फिरायचे तर आधी आणखी दहा मैल पुढे जाऊन फाटा गाठावा लागेल आणि मग तीस मैल परत यावे लागेल. असा सगळा हिशेब करून मी म्हटले की घोस्ट रॉक्सच्या विसाव्यापर्यंत जाऊ, तिथे मोठी सपाट जागा आहे. अण्णांचे मत स्टेपनी इथेच चढवावी असे होते. "गळती सापडली नाही म्हणजे गळती नाही, असं होत नाही," एवढेच ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. मी त्यांचे ऐकायला हवे होते. आमच्याजवळ दोन पुरावे होते. उभ्या गाडीत वीस मिनिटांत हवा गेली नव्हती आणि धावत्या गाडीत तेवढ्याच वेळात तेरा-चौदा पौंड गेली होती. मी सोयीचा पुरावा उचलला. खरे तर दोन्ही एकत्र ठेवले असते, तर गळती फक्त चाक फिरताना उघडते हा निष्कर्ष तिथेच निघाला असता आणि मग आणखी वीस मैल चढ चढण्याचे काही कारणच उरले नसते.

घोस्ट रॉक्सला, सुमारे २,२०० मीटर उंचीवर, पंचवीस मिनिटांनी पोहोचलो तेव्हा बाकीचे टायर ७४ वर होते आणि हा ५९ वर. थंड हिशेबात हे साधारण ५२ पौंड होतात, म्हणजे नेमक्या ८० टक्क्यांवर. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली धावलेला टायर रिमवरून काढून आतून तपासल्याखेरीज पुन्हा वापरू नये, असा टायरच्या धंद्यातला दंडक आहे. आम्ही त्या रेषेवर उभे होतो आणि भोंगा अजूनही शांत होता.

चाक काढताना

आता चर्चा करण्यासारखे काही राहिले नव्हते. कॅम्पर पिकअपला जोडलेलाच ठेवला, हँडब्रेक ओढला आणि उजव्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. आधी स्टेपनी उतरवून तपासली. तिच्यावरचा चार आकडी शिक्का २३१८ होता, म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेली, पाच वर्षे वयाची. नक्षी कोरी होती, भेगा नव्हत्या, पण हवा ४४ पौंड. तीन वर्षांत तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. ती ६५ वर आणायला त्या लहान पंपाला चांगला वेळ लागला, आणि पंपच नसता तर एक अपुरा टायर काढून आम्ही त्याहून अपुरा चढवला असता.

नट चाक जमिनीवर असतानाच पाव-पाव फेरा सैल केले. जॅक कुठे लावायचा याविषयी आमच्या कॅम्परच्या पुस्तिकेत स्पष्ट बजावले आहे की तो चौकटीच्या मुख्य तुळईखाली लावावा, अक्षाच्या नळीखाली नाही, कारण नळी पोकळ असते आणि वाकली तर पुढे टायर वाकडे झिजतात. जॅकखाली लाकडी फळी घेतली. चाक जमिनीपासून दोन बोटे सुटले तेवढे पुरे झाले. स्टेपनी चढवल्यावर नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आलटून-पालटून, तीन टप्प्यांत आवळले. शेवटचा टप्पा जमिनीवर चाक टेकवून टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर लागला की खटका वाजवणाऱ्या पान्याने, १०० फूट-पौंडांवर (हे आवळण्याच्या जोराचे माप) घेतला. या अक्षांसाठी ९० ते १२० फूट-पौंड ही मर्यादा दिलेली आहे. अण्णांनी आयुष्यभर पान्यावर उभे राहून नट आवळले होते, त्यामुळे खटका वाजताच थांबायचे हे त्यांना फारसे पटले नाही.

काढलेले चाक आडवे ठेवून मी पुन्हा साबण फवारला. काही नाही. अण्णा उकिडवे बसले, सेन्सरला अंगठा लावला आणि वॉल्व अगदी हलके बाहेरच्या बाजूला कलवला. रबरी नळी जिथे रिमच्या भोकात शिरते, तिथे एका बाजूला साबणाचा फेस उठला, पांढरा आणि बारीक, उतू जाणाऱ्या दुधाच्या कडेसारखा. अंगठा काढला की फेस थांबे, लावला की पुन्हा उठे. आम्ही तिघांनी आळीपाळीने ते करून पाहिले. सेन्सर काढून भिंगातून पाहिल्यावर रबरात अर्धगोल चीर दिसली, जणू कोणी नखाने दाबून उमटवलेली.

म्हणजे टायर निर्दोष होता. दोष वॉल्वचा होता आणि तो आमच्याच राखणदाराने घडवून आणला होता. सेन्सरचे वजन जेमतेम वीस ग्रॅम. पण ताशी साठ मैल वेगात या मापाचे चाक सेकंदाला बाराहून अधिक फेरे घेते आणि मध्यापासून सतरा सेंटिमीटरवर असलेल्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट जोर येतो. तेव्हा तो वीस ग्रॅमचा सेन्सर दोन किलोच्या वजनासारखा वॉल्वला बाहेर ओढत राहतो. कॅम्परला कारखान्यातून बसवलेले वॉल्व साधे, भोकात ओढून बसवायचे, आखूड रबरी प्रकारचे होते. त्या प्रकाराची कमाल मर्यादाच थंड टायरला ६५ पौंड आहे. जूनपासून आम्ही त्या रबराला मर्यादेच्या काठावर ठेवून वर दोन किलो टांगत होतो. गाडी थांबली की रबर जागेवर येई आणि चीर मिटे, म्हणून उभ्या गाडीत काही सापडत नव्हते.

कारण कळल्यावर लगेच एक गोष्ट केली. उरलेल्या तिन्ही चाकांचे सेन्सर काढून टाकले, कारण तिथेही तसेच वॉल्व आणि तेवढेच वजन होते. यंत्रणा बंद करून निर्मनुष्य रस्त्यावर पुढे जाणे उलटे वाटेल, पण वजन उतरवणे हेच अधिक सुरक्षित होते. त्याऐवजी हातातल्या गेजने दर थांब्यावर तपासायचे आणि वेग ताशी ५५ मैलांच्या वर न्यायचा नाही असे ठरले. थांबे नटांसाठी आवश्यकच होते. चाक बदलल्यावर १०, २५ आणि ५० मैलांनी नट पुन्हा आवळून पाहायचे असतात. दहा मैलांवर एका नटाने थोडा फेरा घेतला, त्यानंतर कोणीही हलला नाही. स्टेपनी २५ मैलांवर ७१, शेजारी ७३. आता आम्ही चढणारा आकडा पाहून खूश होत होतो.

सलायनानंतर

सलायनाच्या टायर दुकानात काढलेला टायर रिमवरून उतरवला. नरम धावलेल्या टायरच्या आत कडेच्या भिंतीचे रबर घासून काळी पूड साचते, रंग बदलतो, कधी सुरकुत्यांची रेघ दिसते. अशा टायरला हवा धरत असली तरी टाकूनच द्यावे लागते. दुकानदाराने दिवा आत घालून बोट पूर्ण गोल फिरवले आणि बोट स्वच्छ निघाले. साठ पौंडांच्या खाली फार वेळ न धावल्यामुळे टायर वाचला होता. आणखी पंधरा-वीस मैल रेटले असते तर तो वाचला नसता असे मला वाटते. चारही चाकांना आणि स्टेपनीलाही नटाने कसून बसवायचे धातूचे वॉल्व घातले. दुसऱ्या एका काढलेल्या वॉल्ववरही तशीच चीर सुरू झालेली होती, फक्त अजून आरपार गेली नव्हती.

सेन्सर आम्ही परत बसवले, मात्र धातूच्या वॉल्ववर. भोंग्याची मर्यादा ५२ वरून ६० वर आणली. त्यामुळे फार थंड सकाळी तो कधी उगाच ओरडतो, ते आम्ही सहन करतो. वहीतली पद्धतही बदलली आहे. पत्नी आता चार आकडे नुसते लिहीत नाही, तर प्रत्येक बाजूच्या दोन टायरांतला फरक लिहिते, आणि तो तीन पौंडांच्या वर गेला की आकडा कितीही मोठा असला तरी पुढच्या सुरक्षित जागी गाडी थांबते. अण्णा परत जाताना तो चिरलेला वॉल्व घेऊन गेले. आगारातल्या जुन्या सोबत्यांना अंगठा लावून दाखवायचा आहे म्हणाले.